दिग्नाला चक्कर आली नव्हती

आम्बातोच्या बाजारातल्या आठ बायकांनी ठरवलं, की आता डोंगर बघायचे. लांबून नव्हे, जवळ जाऊन. आठहीजणींचा जन्म त्या बाजारात गेला होता. सकाळी गाळा उघडताना आभाळ मोकळं असलं की एकीकडे तुंगुरावा आणि दुसरीकडे चिंबोरासोचं पांढरं डोकं दिसायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक यायचं, आणि मग दिवसभर मान वर करायला सवड मिळायची नाही.

त्यांची म्होरकी तार्हेलिया. ती एवोकॅडो विकायची, आणि तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरायचे. तीच एके दिवशी बस पकडून बान्योसला आली आणि ओल्मेदो वाटाड्याच्या खोलीत खुर्ची ओढून बसली.

"भाऊ, सहा दिवस आहेत. मंगळवारी निघायचं, रविवारी घरी. सोमवारचा बाजार चुकला तर माझ्या जागेवर ती कांदेवाली हातपाय पसरून बसेल. सहा दिवसांत काय काय दाखवतोस, बोल."

ओल्मेदो सत्तावन्न वर्षांचा होता. तीस वर्षं तो माणसांना डोंगरावर नेत आणत होता. खोलीच्या भिंतीवर त्याचे बर्फातले फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत तो सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्यानं टेबलावर नकाशा पसरला. दोन दिवस बान्योसचे धबधबे आणि गरम पाण्याची कुंडं, मग चिंबोरासो, तिथून चीज आणि चॉकलेट बनवणारं सालिनास गाव, आणि शेवटी किलोतोआच्या ज्वालामुखीच्या पोटातलं हिरवं तळं.

"आणि बर्फ?" तार्हेलियानं विचारलं.

"दिसेल की. डोंगरावरच्या निवाऱ्यापासून अगदी समोर दिसतं."

"दिसायला मला माझ्या गाळ्यावरूनही दिसतं. आमच्या लुस्मिलाला हात लावायचाय."

लुस्मिला फुलं विकायची. त्र्याहत्तर वर्षांची, आठजणींत सगळ्यात थोरली. तिचा बाप चिंबोरासोवरून बर्फाच्या लाद्या तोडून, गवतात गुंडाळून, गाढवांवर लादून खाली बाजारात आणायचा. सरबतवाले त्याची वाट बघत बसायचे. लहानपणी ती रोज बापाच्या मागे लागायची, मलाही वर ने. बापानं कधी नेलं नाही. आता तिचं एकच म्हणणं होतं, जिथून ते बर्फ यायचं तिथं एकदा हात टेकवायचा.

"होईल," ओल्मेदो म्हणाला. "पण आठ बायकांना मी एकटा पुरणार नाही. दिग्नाला घेऊ बरोबर."

दिग्ना पुनीना सत्तावीस वर्षांची. चिंबोरासोच्या पायथ्याच्या गावातली. दोर बांधायला, बर्फात पाय रोवायला ओल्मेदोनंच तिला शिकवलं होतं, आणि चार वर्षं ती त्याच्याबरोबर काम करत होती. बाई वाटाडी आहे म्हटल्यावर तार्हेलिया एकदम खूश झाली. "झकास! म्हणजे आडोशाला जायचं झालं तर दहा वेळा लाजायला नको."

बर्फ दरवर्षी थोडं थोडं वर सरकत होतं. त्याची कड यंदा कुठं आली आहे, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला तिथवर नेता येईल का, हे आधी बघून यायला हवं होतं. म्हणून पुढच्या सोमवारी ओल्मेदो आणि दिग्ना एलिएसेर ड्रायव्हरच्या जीपमधून वर गेले.

पहिल्या निवाऱ्यावर ओल्मेदोला जुना रखवालदार भेटला. मग कॉफी आली, जुन्या गोष्टी निघाल्या, कोण कुठं पडला, कोणाला कसं वाचवलं. दिग्ना दोनदा दारात येऊन उभी राहिली.

"काका, ऊन चढतंय. दगड सुटायला लागतील."

"अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे दगड बघतोय," तो म्हणाला, आणि रखवालदार हसला.

ते निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते. दुसरा निवारा मागे पडला. त्याच्या वर एक उघडी घळ आहे, तिथं रात्रीच्या थंडीनं धरून ठेवलेले दगड उन्हानं सैल होतात आणि खाली येतात. घळ ओलांडली की बर्फाची कड. दिग्ना पुढे होती. ओल्मेदो घळीच्या मध्यावर आला आणि वरून आवाज आला.

मोठा दगड नव्हता. कणकेच्या गोळ्याएवढा असेल. तो दहा हात लांबून उड्या मारत खाली गेला. पण दोन वर्षांपूर्वी असाच एक दगड ओल्मेदोच्या खांद्यावर बसला होता आणि गळ्याखालचं हाड मोडलं होतं. हाड जुळून आलं. जे जुळून आलं नाही ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. दोन वर्षं तो असाच काहीतरी सबब काढून घळीच्या अलीकडून परत येत होता.

तो जमिनीला चिकटून पालथा पडला आणि त्याला उठता येईना. हात हलेनात. दिग्नानं हाक मारली, ती त्याला ऐकू आली, पण उत्तर देता आलं नाही. आणखी एक दगड गेला. मग त्याला मांड्यांवर ऊब जाणवली, आणि ती कशाची हे कळायला एक क्षण लागला.

दिग्ना परत आली. तिनं काही विचारलं नाही. आखूड दोर त्याच्या कमरेला बांधला, त्याचा एकेक हात जमिनीपासून सोडवला आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलत राहिली. "उजवा पाय, काका. हां. आता डावा. माझ्याकडे बघा, वर नको." असं करत तिनं त्याला घळीबाहेर काढलं. एका कातळाआड पिशवीतून स्वतःची जादाची विजार काढून दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. विजार त्याला जेमतेम पोटऱ्यांपर्यंत आली.

खाली एलिएसेर बघतच राहिला. "हे काय सोंग?"

"थर्मास फुटला," दिग्ना म्हणाली. "सगळा चहा यांच्या अंगावर. चल, गाडी काढ."

परतीच्या वाटेवर ओल्मेदो तिच्याकडे न बघता एवढंच म्हणाला, "कोणाला..."

"नाही सांगत, काका."

गुरुवारी बाजारात बैठक होती. वरच्या मजल्यावर जिथं तव्यावर यापिंगाचो, म्हणजे बटाट्याच्या टिक्क्या परततात, तिथल्या लांब बाकांवर आठहीजणी बसल्या होत्या. तार्हेलियानं सगळ्यांसाठी ताटं मागवली होती, अंडं आणि सॉसेज वर ठेवून. धबधब्यांचा दिवस ठरला. गरम कुंडात कोणी काय घालून उतरायचं यावर अर्धा तास भांडण झालं. सैतानाची कढई नावाच्या धबधब्याच्या पाठीमागून रांगत जायचं की नाही यावर मत घेतलं. मग लुस्मिला म्हणाली, "आणि माझं बर्फ? हात लावून आलात ना?"

ओल्मेदोच्या तोंडात घास होता. दिग्ना पलीकडे तव्याजवळ ताटं घ्यायला उभी होती, चार पावलांवर.

"नाही, मावशी. कडेपर्यंत पोचलो नाही," तो म्हणाला.

"का रे? तू तर डोळे मिटून जातोस म्हणे."

आठ चेहरे त्याच्याकडे बघत होते. इतकं साधं होतं, हवा बिघडली म्हणायचं. नंतर कितीतरी दिवस तो हेच स्वतःला विचारत राहिला, की हवा बिघडली असं का नाही म्हणालो. पण सोमवारी दिवसभर लख्ख ऊन होतं आणि बाजारातून डोंगर स्वच्छ दिसला होता, हे त्या बायकांना ठाऊक होतं, आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"दिग्नाला चक्कर आली," तो म्हणाला. "उंची सोसली नाही पोरीला. घाबरली जरा. मग तिला धरून खाली आणावं लागलं."

दिग्नाच्या दोन्ही हातांत ताटं होती. ती वळली. तिनं ओल्मेदोकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती वाट बघत होती. तो हसेल, म्हणेल गंमत केली, अशी. ओल्मेदोनं मान खाली घालून अंडं फोडलं.

"अरेरे," तार्हेलिया म्हणाली. "पोरी, तुझं गाव तर तिथंच ना? आणि तुलाच चक्कर? बरं झालं आधी कळलं बाई. हे बघ, तू धबधब्याला ये आमच्याबरोबर, पण डोंगरावर नको. लुस्मिलानं तुझा हात धरायचा आणि तूच पडायचीस."

बायका हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. दिग्नानं ताटं बाकावर ठेवली, "बरं, मावशी," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

आम्बातोहून बान्योसला बसनं तासभर लागतो. गोष्टीला तेवढाही लागला नाही. आठवड्याभरात वाटाड्यांच्या चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी दिग्नाचं नाव काढून डोकं गरगरल्याचं सोंग करायला लागला. ओल्मेदो तिथं असायचा. तो म्हणायचा, "असू दे रे, कोणालाही होतं." असं म्हटलं की लोकांना वाटायचं, केवढा मोठ्या मनाचा माणूस, शिष्येची बाजू घेतोय. एकानं तसं बोलूनही दाखवलं. त्या दिवशी ओल्मेदो चहा अर्धा टाकून उठला आणि नदीच्या पुलावर जाऊन कितीतरी वेळ उभा राहिला.

तिसऱ्या आठवड्यात एलिएसेरनं त्याला सांगितलं, की रिओबाम्बाच्या एका गिर्यारोहक मंडळानं ऑगस्टच्या चढाईसाठी दिग्नाला घेतलं होतं, ते आता नको म्हणाले. पंधरा दिवसांचं काम होतं. शिखरावर नेण्याचं तिचं पहिलंच.

"पण एक सांगा," एलिएसेर जीपच्या टपावर दोर आवळत म्हणाला. "त्या दिवशी खाली आलात तेव्हा ती तर टणटणीत होती. तुमचाच चेहरा पांढराफटक होता. आणि थर्मास मी नंतर बघितला, धड होता."

ओल्मेदो दोराचं दुसरं टोक आवळायला लागला. एलिएसेरनं गाठ मारली आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ओल्मेदो दिग्नाच्या गावी गेला. ती घरामागे वाफ्यातून बटाटे काढत होती. आईनं त्याला बघून लगबगीनं बाक पुसला, भाजलेल्या जवाचं पीठ घालून गरम दूध दिलं. "तुमच्यामुळे पोर मार्गाला लागली," म्हणाली. म्हणजे दिग्नानं घरीही काही सांगितलं नव्हतं. ते दूध त्याला गिळवेना.

तो वाफ्याजवळ गेला. दिग्नानं कुदळ थांबवली नाही.

"दिग्ना, माझं चुकलं. मी फार नीच वागलो."

"हो," ती म्हणाली.

"मला माफ कर."

तिनं एक बटाटा उचलून त्यावरची माती अंगठ्यानं काढली. "इथं कोण आहे, ओल्मेदो साहेब? मी आहे आणि डुकरं आहेत. मला ठाऊक आहे काय झालं ते. डुकरांना त्याचं काही नाही. तुम्ही बाजारात बोललात. आठ बायका होत्या, तवेवाली होती, तिचा नवरा होता."

आजवर ती त्याला काका म्हणत आली होती. साहेब हा शब्द त्यानं तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"मी सांगितलं तर माझं..." तो म्हणाला आणि थांबला. तिचं काय झालं हे बघत असतानाही आपण अजून स्वतःचंच काय होईल ते बोलतोय, हे त्याच्या लक्षात आलं.

"मी कोणाला सांगणार नाही म्हणाले होते," दिग्ना म्हणाली. "मी शब्द पाळते. तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा. आईचं दूध संपवून जा, नाहीतर तिला वाईट वाटेल."

शनिवारी दुपारी तो आम्बातोला गेला. बसमध्ये त्यानं वाक्यं जुळवली होती. वयाबद्दल काही, मोडलेल्या हाडाबद्दल काही. बाजाराच्या जिन्यावर ती सगळी विसरली. आठहीजणी पुढच्या मंगळवारसाठी कोणी कोणता डबा आणायचा ते ठरवत बसल्या होत्या. ओल्मेदो बाकावर बसला नाही.

"दिग्नाला चक्कर आली नव्हती," तो उभ्याउभ्या म्हणाला.

"काय?" तार्हेलियानं वर बघितलं.

"मीच घाबरलो. घळीत एक दगड आला, लहानसा. मी जमिनीला चिकटलो आणि मला उठता येईना. विजारीत..." तव्यावर तेल चडचडत होतं आणि तवेवाली उलथनं हातात धरून ऐकत होती. "विजार ओली केली मी. तिनं मला दोर बांधून खाली आणलं. आपली विजार मला घालायला दिली. आणि मी इथं येऊन तुम्हाला सांगितलं, की ती घाबरली. ती त्या तिथं उभी होती."

पलीकडच्या टेबलावरचा खाटीक खो खो हसला. दुसरं कोणी हसलं नाही, म्हणून तोही गप्प झाला.

"म्हणजे," तार्हेलिया सावकाश म्हणाली, "मी त्या पोरीला तोंडावर म्हटलं, तू पडशील. सगळ्यांसमोर म्हटलं. आणि बाजारभर सांगत फिरले." तिचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या तोंडानं बोलायला लावलंस तू मला. चोवीस वर्षं मी इथं बसतेय, नासका एवोकॅडो कोणाच्या पिशवीत घातला नाही."

"हो," ओल्मेदो म्हणाला.

"नुसतं हो काय म्हणतोस!"

लुस्मिलानं तिच्या दंडावर हात ठेवला. मग ती ओल्मेदोकडे बघत म्हणाली, "माझा बाप दर खेपेला घाबरायचा रे. निघायच्या आदल्या दिवशी जेवण जायचं नाही त्याला. आईला सांगायचा, शेजाऱ्यांना सांगायचा, गाढवांनासुद्धा सांगायचा. भिण्याचं काही नाही. विजारीचंही काही नाही, या वयात मला काय नवल त्याचं. पण पोरा, ती चार पावलांवर उभी होती. हातात आपली ताटं घेऊन."

एवढं मात्र ओल्मेदोला सोसलं नाही. तो खाली बघत राहिला. फरशीवर कोणाच्या तरी ताटातला मका सांडला होता. निघून जावं असं त्याला वाटत होतं आणि पाय निघत नव्हते, आणि या वेळी ते भीतीनं नव्हतं.

तार्हेलियानं फोन काढला, दिग्नाचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन बाकावर ठेवला. "बोल. आम्हाला सांगितलंस ते तिलाही कळू दे, की आम्हाला सांगितलंस."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तार्हेलिया पुढे झाली. "पोरी, मी बोलले त्याची मला लाज वाटते. तू ये आमच्याबरोबर. तूच पुढे चल. याला न्यायचं की नाही तेही तूच ठरव."

पलीकडे दिग्नानं कोंबड्यांना हाकललेलं ऐकू आलं.

"येईन," दिग्ना म्हणाली. "निवारा पहाटे पाचला सोडायचा. कोणी गप्पा मारत बसायचं नाही. आणि साहेबांना येऊ दे. धबधब्यांची वाट त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. डोंगरावर ते सगळ्यात मागे चालतील."

त्याच दिवशी ओल्मेदोनं रिओबाम्बाच्या मंडळाला फोन केला. तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, सांगितलंत हे बरं केलंत, पण ऑगस्टसाठी आम्ही दुसरा माणूस घेतला, त्याला आता कसं काढणार? पुढच्या वर्षी बघू. ओल्मेदोनं हे दिग्नाला कळवलं. "बरं," ती म्हणाली.

टपरीवर आता सोंग त्याचं व्हायला लागलं. एक जण टेबलाखाली पालथा पडून ओरडायचा, "आई गं, दगड!" ओल्मेदो रोज जायचा. जाणं टाळलं तर आणखी काय काय टाळावं लागेल, याची त्याला धास्ती वाटायची. चहा मात्र त्याला गोड लागायचा नाही.

ठरल्या मंगळवारी सगळे निघाले. धबधब्यामागून रांगताना तार्हेलिया अडकली आणि तिला दोघींनी मागून ढकलून बाहेर काढलं. कुंडात त्या इतक्या वेळ बसल्या, की बोटांच्या मनुका झाल्या. वाटेवर ओल्मेदो लागेल तेवढंच बोलायचा, इथं निसरडं आहे, इथं दोर धरा. बायका त्याच्याशी वाईट वागल्या नाहीत. पहिल्यासारख्याही वागल्या नाहीत. त्याच्याकडे बघून कोणी विनोद केला नाही, आणि ती दया त्याला टपरीवरच्या सोंगापेक्षा जड वाटली.

चिंबोरासोवर पहाटे पाचला दिग्नानं रांग लावली. पुढे ती, मध्ये बायका, मागून दुसरी लुस्मिला, आणि तिच्यामागे ओल्मेदो. तार्हेलियासकट तिघी दुसऱ्या निवाऱ्यापाशीच दम लागून बसल्या. उरलेल्या हळूहळू वर गेल्या. घळीच्या तोंडाशी उजाडलं. पलीकडे बर्फाची कड दिसत होती, करडी, मळकट, हाकेच्या अंतरावर. ओल्मेदो वर न बघता आपल्या बुटांकडे बघत उभा होता. दिग्नानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि कान दिला. वर कुठेतरी खडखडलं. एक दगड घळीतून गेला, मग त्यामागून दुसरा, मोठा.

ती वळली. "आज नाही जायचं," ती मोठ्यानं म्हणाली. "लवकर सुटायला लागलेत. मला भीती वाटते. परत फिरा, सावकाश."

एवढंच. हवा कशी आहे ते सांगावं तशी ती म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या, कोणी सुस्कारा टाकला, आणि रांग वळली. कोणाच्याही नजरेत ती कमी झाली नाही. ओल्मेदो ते बघत होता. एवढ्या तीन शब्दांसाठी आपण त्या पोरीचं काय करून बसलो, हे त्याच्या मनात आलं.

"मलाही," तो म्हणाला.

लुस्मिला त्याच्या अगदी जवळ होती, पण टोपी कानावर ओढलेली. "काय म्हणालास?"

"मलाही भीती वाटते म्हटलं, मावशी."

"बरं," ती म्हणाली. बर्फाकडे एकदा बघून तिनं तोंड वाकडं केलं. "एवढ्यावर होतं मेलं. चल, आता पाय नीट टाक. तू पडलास तर मी काही तुला उचलायची नाही."

रविवारी संध्याकाळी आम्बातोच्या स्टँडवर बायका एकमेकींच्या पिशव्या शोधत होत्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं वर जायचं, बर्फाला हात लावल्याशिवाय लुस्मिलाला मरू द्यायचं नाही, असं तार्हेलियानं तिथंच जाहीर केलं. दिग्नानं एकेकीला मिठी मारली. मग ती ओल्मेदोजवळ आली, दोराची गुंडाळी त्याच्याकडे दिली.

"जूनमध्ये कोतोपाक्सीच्या चढाईचं एक काम आहे," तो म्हणाला. "तू पुढे, मी मागे. येशील?"

"विचार करून सांगते," दिग्ना म्हणाली आणि गावाच्या बसकडे चालायला लागली. जून गेला तरी तिनं सांगितलं नाही, आणि ओल्मेदोनंही पुन्हा विचारलं नाही.